मिठाचा पूल, त्यावर कव्हर: पाण्याचा हिशेब कसा ठेवायचा

मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या बरंच अलीकडे, आमचं छोटं घर आहे आणि घरामागे दहा मीटर लांब, चार मीटर रुंद पूल. पाणी मिठाचं, आणि वर रुळांवरून सरकणारं जाड विनाइलचं कव्हर. बसवून देणाऱ्यानं जाताना एक चिठ्ठी दिली होती: मीठ ३२००, पीएच ७.४, मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र ६० टक्क्यांवर, रोज आठ तास. चिठ्ठीत चूक काही नव्हती. फक्त ती उघड्या पूलची चिठ्ठी होती.

पहिल्याच मार्चमध्ये कव्हर ओढून आम्ही बारा दिवस पुण्यात राहिलो. परतलो तेव्हा पाणी काचेसारखं दिसत होतं. टेस्ट किटच्या नळीत पाणी घेतलं, क्लोरीनची गोळी टाकली, ढवळलं, रंग काही येईना. म्हणजे क्लोरीन शून्य, असं समजून मी तीन लीटर हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव क्लोरीन, ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रंगहीन! तिसऱ्यांदा करताना डोळे नळीला लावून बसलो, तेव्हा दिसलं की गोळी पडताच तळाशी गुलाबी रेघ उमटते आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुसली जाते. क्लोरीन नव्हतंच असं नाही. ते इतकं होतं की किटचा रंगच ब्लीच करून टाकत होतं. मग एक भाग पूलचं पाणी आणि नऊ भाग बाटलीतलं पाणी असं मिसळून मोजलं. आकडा आला २, म्हणजे पूलमध्ये २० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत २० भाग). त्यातले पाचेक मी स्वतःच्या हातानं ओतलेले होते. कव्हरची खालची बाजू तोवर फिकट पडून कडक व्हायला लागली होती.

ज्यांच्याकडे नवा पूल आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आकडे माझ्या पूलचे आहेत, पण गुणाकार दिलेत, त्यात आपापले लीटर घालून घ्या.

आधी समज पक्की करा

'मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतं' हे वाक्य पाहुण्यांकडून हमखास ऐकू येतं. असतं, आणि तेच क्लोरीन असतं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पंपानंतरच्या पाइपात बसवलेल्या सेलमधून पाणी जाताना टायटॅनियमच्या पट्ट्यांमध्ये वीज खेळते आणि पाण्यातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतं. ते जंतू आणि घाण मारतं, थोडं उन्हात नासतं, आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होतं. म्हणून मीठ संपत नाही. ते फक्त बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना), गळतीत, ओल्या अंगांबरोबर आणि पावसाच्या ओव्हरफ्लोत जातं. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० पीपीएम मीठ असतं, आपल्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

आता कव्हर. उघड्या पूलमध्ये क्लोरीनचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक ऊन. कव्हर ओढलं की ते गिऱ्हाईक गेलं, पण कारखाना चालूच. चिठ्ठीवरचे आठ तास उन्हासाठी होते, आणि माझ्याकडे ऊनच नव्हतं. दुसरी गोष्ट उलट बाजूची: कव्हरखालून माल बाहेरही पडत नाही. घामा-लघवीतून तयार होणारे क्लोरामाइन, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, उष्णता, सगळं आतच. एकूण काय, कव्हर घालताना आपण पाण्यात आणखी एक रसायनच टाकतोय असं धरायचं. पुढच्या जवळपास प्रत्येक आकड्यात ते डोकावतं.

लीटर मोजल्याशिवाय डबा उघडू नका

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. आमचं १० × ४ × १.४, म्हणजे ५६ घनमीटर, ५६,००० लीटर. आणि एक सोपी गोष्ट कायम लक्षात ठेवा: एक घनमीटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. एवढ्यावर निम्मी पूल-केमिस्ट्री भागते.

ठेकेदाराच्या कागदावरचे लीटर मी धरून चालत नाही. पायऱ्या, उतार, बाक यांत बरंच जातं. मीठ टाकताना याची खातरजमा फुकटात होते: मोजून ५० किलो टाका, चोवीस तास पंप चालवा, आणि मीठ किती पीपीएमनं वाढलं ते बघा. ५६ घनमीटर असेल तर सुमारे ८९० वाढायला हवं. हजार वाढलं, तर तुमचा पूल ५० घनमीटरचाच आहे.

किट कोणतं

पट्ट्या बुडवून रंग जुळवायचं किट घाईला बरं, त्यावर अॅसिड ओतायचे निर्णय घेऊ नका. पिवळा रंग देणारं ओटीओचं स्वस्त किट तर कव्हरच्या पूलला निरुपयोगीच, कारण ते फक्त एकूण क्लोरीन सांगतं. आपल्याला दोन आकडे वेगळे हवेत: मोकळं क्लोरीन, जे अजून कामाला तयार आहे, आणि बांधलेलं क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन. डीपीडी गोळ्यांच्या किटमध्ये पहिल्या गोळीनं मोकळं आणि तिसऱ्या गोळीनं एकूण कळतं. वजाबाकी केली की बांधलेलं. डीपीडी साधारण १० पीपीएमच्या पुढे फसवतं, ते वर सांगितलंच. थेंब मोजून रंग घालवायचं किट मिळालं तर ते घ्या, त्यात ही फसगत होत नाही.

शिवाय अल्कलिनिटी (पीएचला धरून ठेवणारा पाण्यातला साठा), कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि सायन्युरिक अॅसिड मोजता आलं पाहिजे. पाण्याचा नमुना कोपरापर्यंत हात घालून, रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या, तोंडापासून लांब घ्यायचा. कव्हर नुकतंच उघडलं असेल तर आधी अर्धा तास पंप चालवा.

डायरीचं पहिलं पान

आमच्या डायरीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहिलेत, पीएच सोडून सगळे पीपीएममध्ये:

मोकळं क्लोरीन २ ते ३
बांधलेलं क्लोरीन ०.४ च्या खाली
पीएच ७.४ ते ७.८
अल्कलिनिटी ६० ते ८०
कॅल्शियम २५० ते ३५०
सायन्युरिक अॅसिड २० ते ३०
मीठ यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे, आमचं ३०००-३२००

यातला सायन्युरिकचा आकडा उघड्या मिठाच्या पूलवाल्यांना दाखवलात तर ते हसतील. त्यांच्याकडे ६० ते ८० ठेवतात, कारण सायन्युरिक अॅसिड, म्हणजे दुकानातलं 'स्टॅबिलायझर', क्लोरीनला उन्हापासून धरून ठेवतं. पण धरून ठेवतं म्हणजे त्याचे हातही बांधतं; सायन्युरिक जितकं जास्त, तितकं तेच क्लोरीन हळू काम करतं. आठवड्यातले पाच दिवस कव्हर बंद असेल तर ७० पीपीएम कशाला हवंय? शनिवार-रविवारच्या उन्हाला ३० पुरतं. अगदी शून्यही नको, कारण थोडं सायन्युरिक असलं की क्लोरीन डोळ्यांना आणि स्विमसूटला सौम्य लागतं.

नवं पाणी वळणावर आणणं

आमचं भरणं बोअरचं. पहिल्या दिवशी अल्कलिनिटी २२० आणि कॅल्शियम ३४० निघालं. सह्याद्रीच्या कुशीतल्या बोअरना हे नवल नाही. कॅल्शियम चालण्यासारखं होतं, अल्कलिनिटी नाही. मिठाच्या पूलमध्ये ती मुद्दाम कमी ठेवायची, कारण सेलमधून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात, पाणी ढवळलं जातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी जास्त तितका हा चढ वेगाचा.

उतरवण्याचं औषध एकच, अॅसिड. हायड्रोक्लोरिक, साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं. ५६,००० लीटरमध्ये अल्कलिनिटी १० पीपीएमनं खाली आणायला त्याचं एक लीटरभर लागतं. आम्हाला १४० पीपीएम उतरवायची होती, म्हणजे पंधराएक लीटर. पण ते एका दमात ओतायचं नसतं. थोडं अॅसिड घालून पीएच ७.२ पर्यंत आणायचा, मग रिटर्नची तोंडं वर वळवून पाण्याला उकळी आल्यासारखं खळखळवायचं. पीएच पुन्हा ७.८ ला गेला की पुन्हा अॅसिड. आठ दिवस हा खेळ चालला. या आठ दिवसांत कव्हर उघडं हवं. मी पहिले दोन दिवस धूळ नको म्हणून बंद ठेवलं होतं आणि पीएच हलतच नव्हता. हलणार कसा, वायू जाणार कुठे?

अॅसिड हाताळताना हातमोजे आणि गॉगल घाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. बादलीत आधी पाणी, मग अॅसिड. कधीही उलट नाही. पंप चालू असताना रिटर्नच्या तोंडासमोर बारीक धारेनं सोडा. काठाला शहाबादी असेल तर बादली फरशीवर टेकवू नका. शहाबादी चुनखडीचीच, अॅसिडचा थेंब पडला की फसफसून पांढरा डाग कायमचा. (मिठाचं पाणी वारंवार वाळूनही ती हळूहळू पोपडे सोडते, आठवड्यातून एकदा काठ गोड्या पाण्यानं धुवा.)

पावसानंतर उलटं होतं, अल्कलिनिटी पडते. तेव्हा खाण्याचा सोडा, १० पीपीएमला आमच्या पूलसाठी ९५० ग्रॅम. धुण्याचा सोडा नको, तो पीएच उगाच वर नेतो, आणि मिठाच्या पूलला पीएच चढवायला मदत लागत नाही.

सायन्युरिक ३० पीपीएमला १,७०० ग्रॅम. ते विरघळायला महा आळशी. जुन्या मोज्यात भरून रिटर्नसमोर टांगायचं, अधूनमधून मोजा पिळायचा. किटमध्ये पूर्ण आकडा दिसायला आठवडा लागू शकतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी 'कमी दिसतंय' म्हणून आणखी टाकू नका. एकदा गेलं की ते पाणी काढल्याशिवाय खाली येत नाही.

मीठ

बोअरच्या पाण्यात आधीच ४०० पीपीएम दाखवत होतं. ३२०० हवं, म्हणजे २,८०० वाढवायचं, म्हणजे घनमीटरला २.८ किलो, एकूण १५७ किलो. मी पहिल्यांदा १२५ टाकलं, दुसऱ्या दिवशी मोजलं, मग उरलेलं. मीठ टाकणं सोपं आहे; काढायचं तर पूल रिकामा करावा लागतो.

कुठलं मीठ? पेण-उरणच्या मिठागरातलं खडे मीठ स्वस्त आणि जवळ, मलाही मोह झाला होता. पण त्यात गाळ, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्वचित लोह येतं. प्लास्टरवर पिवळे-तपकिरी डाग आणि सेलवर पापुद्रे, हा पुढचा खर्च. वॉटर सॉफ्टनरसाठी मिळतं ते शुद्ध, बिनआयोडीनचं मीठ घ्या. टाकताना सेल बंद, पंप चालू. स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडात) ओतू नका. उथळ बाजूनं पसरवा, तळाशी ढीग राहिले तर ब्रशनं ढकला, आणि चोवीस तासांनी सेल चालू करा.

यंत्र किती तास? इथेच खरी मेख आहे

सेलवर ताशी किती ग्रॅम क्लोरीन ते लिहिलेलं असतं. आमचा २० ग्रॅमचा. ५६ घनमीटरमध्ये १ पीपीएम वाढवायला ५६ ग्रॅम, म्हणजे पूर्ण क्षमतेवर २ तास ४८ मिनिटं.

आता तुमच्या पूलचं रोजचं 'खाणं' काढा. संध्याकाळी मोकळं क्लोरीन मोजा, सेल बंद करा, कव्हर ओढा. सकाळी ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्रभरात एक पीपीएमच्या आत उतरलं तर पाणी स्वच्छ आहे. त्याहून जास्त गेलं तर पाण्यात शेवाळ किंवा दुसरं काही क्लोरीन खाणारं आहे, आणि तास वाढवून ते सुटणार नाही, शॉक, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन, द्यावा लागेल. अपारदर्शक कव्हर असलेल्यांना एक चैन आहे: हीच चाचणी चोवीस तासांचीही करता येते, कारण खाली दिवसाही रात्रच असते.

आमचं बंद कव्हरखाली चोवीस तासांत सुमारे अर्धा पीपीएम जातं. म्हणजे रोज २८ ग्रॅम, सेलचा जेमतेम दीड तास. उघडं ठेवून चारपाच जणं पोहली आणि एप्रिलचं ऊन असलं तर तीन पीपीएम सहज जातं: १६८ ग्रॅम, साडेआठ तास. एकाच पूलच्या दोन गरजा, सहापट फरकाच्या. चिठ्ठीतले '६० टक्के, आठ तास' म्हणजे ९६ ग्रॅम, रोज १.७ पीपीएम. बारा दिवस तेवढं बनत राहिलं आणि खायला कोणी नव्हतं.

बहुतेक यंत्रांत टक्के म्हणजे क्लोरीनचा जोर नव्हे, तर ठरलेल्या वेळातला किती वेळ सेल चालू राहील ते. आता आम्ही दोनच सेटिंग ठेवलीत. कव्हर बंद असेल तर २० टक्के. उघडलं की ७०, आणि रविवारी संध्याकाळी परत २०. काही यंत्रांना कव्हरचा स्विच जोडायची सोय असते, कव्हर मिटलं की ते आपोआप उत्पादन उतरवतात. तुमच्या यंत्रावर ती टर्मिनल आहे का ते पुस्तिकेत बघा आणि इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. आमच्याकडे ती होती. दोन वर्षं तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

टक्के उतरवा, पण पंप बंद ठेवू नका. पाणी फिरलं नाही तर झाकलेल्या पूलच्या कोपऱ्यात गरम, क्लोरीन नसलेलं पाणी साचतं आणि शेवाळ तिथूनच सुरू होतं. आणि पंप बंद असताना सेल कधीही चालू राहता कामा नये: प्रवाह नसला तर हायड्रोजन पाइपात साठतो, आणि तो वायू पेट घेणारा आहे. फ्लो स्विच त्यासाठीच असतो. त्याची तार 'सारखं ट्रिप होतंय' म्हणून बायपास करणारे कारागीर मी पाहिलेत. तसं करू देऊ नका. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पहिल्या दिवशीच तपासून घ्या.

कव्हर उघडण्या-मिटण्याची शिस्त

आठवड्यातून किमान एकदा, पोहायचं नसलं तरी, तीन-चार तास पूर्ण उघडा. क्लोरामाइन हवेत निघून जातात, आणि ऊनही त्यांना फोडतं. ज्या उन्हाला आपण इतका वेळ टाळलं त्याच्याकडून हे एक काम करून घ्यायचं.

अॅसिड घातल्यावर पंप चालू ठेवून किमान तासभर कव्हर मिटू नका. शॉक दिल्यावर तर मोकळं क्लोरीन पुन्हा ५ च्या खाली येईपर्यंत उघडंच. कव्हरच्या खालच्या बाजूला साचणारी वाफ तेच रसायन घेऊन विनाइलला चिकटते.

मे महिन्यात पाण्याचं तापमान बघत चला. बबल कव्हर, म्हणजे फुगे असलेलं निळं पारदर्शक, ऊन आत घेतं आणि पाणी ३२-३३ अंशांवर नेतं. गरम पाण्यात शेवाळ जोरात, क्लोरीनचा खर्च जास्त आणि कॅल्शियम सेलवर लवकर बसतं. अशा वेळी कव्हर रात्री उघडं ठेवा. उन्हाळ्यात कव्हरचा मोठा फायदा मात्र बाष्पीभवनाचा. उघड्या पूलमधून रोज सात मिलिमीटर उडालं तर आमच्या ४० चौरस मीटरवर ते २८० लीटर. तीन महिन्यांत पंचवीस हजार. तेवढं बोअरचं पाणी परत भरलं तर उडालेलं पाणी शुद्ध आणि भरलेलं जड, म्हणजे कॅल्शियम दीडशे पीपीएमनं वर. मिटलेल्या कव्हरखाली यातलं बहुतेक वाचतं.

आणि एक गोष्ट रसायनाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कव्हर अर्धं उघडून कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. मूल कव्हरखाली गेलं तर त्याला वर यायला जागा नसते. बबल कव्हरवर पाय पडला तर ते माणसाला धरत नाही, गुंडाळतं. पावसाचं वर साचलेलं वीतभर पाणीही लहान मुलाला पुरेसं धोक्याचं आहे.

'क्लोरीनचा वास'

कव्हर उघडल्याबरोबर नाकात जातो आणि डोळे चुरचुरतात तो वास चांगल्या क्लोरीनचा नसतो, क्लोरामाइनचा असतो. घरची माणसं म्हणतात 'क्लोरीन जास्त झालंय, बंद कर', आणि करायचं असतं नेमकं उलट. किट काढा. बांधलेलं ०.४ च्या वर असेल तर कव्हर पूर्ण उघडून शॉक द्या. यंत्राच्या 'बूस्ट' बटणापेक्षा मला हायपो आवडतो, कारण तो एकदम चढतो. यंत्र दिवसभर रेंगाळत चढवतं आणि सेलही झिजवतं. १० टक्क्यांचा हायपो आमच्या पूलला ५ पीपीएमसाठी २.८ लीटर. ताजा घ्या, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेल्या कॅनमध्ये निम्माही जोर उरत नाही. कॅन अॅसिडच्या शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद शेडमध्ये जीव घेऊ शकतो.

पोहण्याआधी अंघोळ, हे सगळ्यात स्वस्त रसायन. पाहुण्यांना सांगायला संकोच वाटतो खरा, म्हणून आम्ही शॉवर पूलच्या वाटेवरच बसवला.

फुकटचे सल्ले

पाणी जरा गढुळलं की कुणीतरी तुरटी सुचवतो. तुरटी गाळ बसवते हे खरं, पण सोबत अल्कलिनिटी आणि पीएच ओढते. फिल्टर नीट असेल तर गरज पडत नाही. मोरचुदाला मात्र ठाम नाही म्हणा. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात राहतं, मिठाच्या पूलचा पीएच चढला की प्लास्टरवर निळे-काळे डाग होऊन बसतं, आणि पांढरे केस हिरवट करतं. आमच्या आजीसासूबाईंनी तो रंग एक उन्हाळाभर मिरवला.

तरंगत्या डब्यातल्या टीसीसीए गोळ्या, म्हणजे सायन्युरिकला जोडलेलं क्लोरीन, यंत्र बिघडलं तर दोन-चार दिवस चालतील. पण त्यांतून १० पीपीएम क्लोरीन आलं की ६ पीपीएम सायन्युरिक सोबत येतं आणि राहतं. झाकलेल्या पूलमध्ये ते परवडत नाही. ब्लिचिंग पावडर आणि टीसीसीए एका मगानं काढू नका, कोरड्या डब्यातही. दोन्ही मिसळून आग लागू शकते.

पावसाळा

लोणावळा-ताम्हिणी पट्ट्यात एकट्या जुलैत हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूल उघडा ठेवला तर दर १०० मिलिमीटरला ४,००० लीटर पाणी येतं आणि तेवढंच मिठाचं पाणी ओव्हरफ्लोनं जातं. हजार मिलिमीटरनंतर ३२०० चं मीठ १६०० च्या आसपास उरतं, यंत्र 'मीठ कमी' म्हणून बंद पडतं, आणि अल्कलिनिटी, कॅल्शियम, सायन्युरिक सगळं त्याच प्रमाणात अर्धं. पहिल्या वर्षी आम्ही दोनदा मीठ भरलं, तेही बाहेर वाहून गेलं.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात कव्हर ओढतो, त्यावर छोटा पंप ठेवतो आणि वरचं पाणी थेट नाल्यात सोडतो. त्याचा पाइप पूलच्या बाहेर निघाल्याची खात्री करा; आमचा पहिल्या पावसात निसटून पूलमध्येच रिकामा होत होता. पंप चालू असताना कुणीतरी जवळ असावं, कव्हरची शिवण उसवली तर तो पूलही उपसतो. पावसाळ्यात मी मीठ अजिबात वाढवत नाही. यंत्र बंद पडलं तर हायपो, आठवड्याला लीटर-दीड लीटर, झाकलेल्या आणि न पोहलेल्या पूलला पुरतो. वीज दोन दिवस गेली तरी घाबरायचं कारण नाही. अंधारातलं, थंड, स्वच्छ पाणी क्लोरीन धरून ठेवतं.

ऑक्टोबरात कव्हर काढण्याआधी वरचा चिखल-पाचोळा पूर्ण धुवून घ्या, मग गुंडाळा. कव्हरच्या अॅल्युमिनियमच्या रुळांवर गोडं पाणी मारा, मिठानं त्यांना पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. शिडी ३०४ स्टीलची असेल तर गंजाचे ठिपके दिसतील, बदलताना ३१६ मागा. मग डायरीतले सातही आकडे नव्यानं.

आठवड्याचं आणि महिन्याचं

आठवड्याला क्लोरीन आणि पीएच. पीएच ७.८ च्या वर गेला तर ७.५ वर आणा. अल्कलिनिटी ७० असताना आमच्या पूलला त्यासाठी सुमारे ४०० मिलिलीटर अॅसिड लागतं, मी आधी ३०० घालतो. कव्हर बंद असलेल्या आठवड्यात पीएच फारसा चढत नाही, त्यामुळे 'दर शनिवारी अर्धा लीटर' अशी सवय लावून घेऊ नका. महिन्याला बाकीचं. तेव्हाच सेल उघडून उजेडाकडे धरून बघा. पट्ट्यांमध्ये पांढरे पापुद्रे असतील तरच साफ करा: दहा भाग पाण्यात एक भाग अॅसिड, बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. टायटॅनियमवरचा लेप हेच सेलचं आयुष्य, आणि प्रत्येक अॅसिडच्या अंघोळीत तो थोडा जातो. स्वच्छ दिसला तर तसाच परत बसवा.

जानेवारीत एका सकाळी बंगला सांभाळणाऱ्या मामांचा फोन आला, यंत्रावर मीठ २५०० दाखवतंय, लाल दिवा लागलाय. यंत्र मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं, आणि थंड पाण्यात ती कमी जाते. रात्रीचं पाणी १७ अंशांवर गेलं होतं. मी म्हटलं, "मामा, थांबा, आधी मिठाच्या पट्टीनं बघा." पट्टी ३१०० म्हणाली. मामांनी तोवर पोतं उसवून काठावर आणून ठेवलं होतं. ते पुन्हा बांधून शेडमध्ये ठेवलं, आणि दुपारी ऊन चढल्यावर दिवा आपोआप हिरवा झाला.